जमिनीचा घास जाळू नका

शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या, की रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर धुराचे लोट दिसू लागतात. भाताच्या तरव्यासाठी कवळ, गवत, पातेरा आणि शेण यांचे थर रचून ते पेटविण्याचा, म्हणजे भाजावळीचा, हा हंगाम. त्याच सुमारास सड्यावरचे वाळलेले गवत पेटते, आंबा-काजूच्या बागांतील पाचोळा गोळा करून त्याला काडी लावली जाते, आणि शहरात अंगणाअंगणांतील झावळ्या व केर यांची होळी सण संपला तरी चालूच राहते. याच दिवसांत सकाळी मंडईत जावे, तर तेथील कोबी, टोमॅटो, गवार आणि वांगी बहुतांशी आंबा घाट उतरून कोल्हापूरच्या बाजूने आलेली असतात. आपल्या जमिनीचे अन्न आपण जाळावे आणि आपले अन्न दुसऱ्याच्या जमिनीतून आणावे, या दोन गोष्टींचा परस्परांशी निकट संबंध आहे. तोच आज आम्हांला वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

नैसर्गिक शेतीचा पुकारा सध्या सर्वत्र ऐकू येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली व त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु या विषयावरची बहुतेक चर्चा जमिनीत काय घालू नये, येथेच थांबते. रासायनिक खत नको, कीटकनाशक नको, तणनाशक नको, हे ऐकून ग्राहक सुखावतो. शेतकरी मात्र विचारतो, की मग घालावे काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून नैसर्गिक भाजीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास अपथ्याची यादी वाचून दाखविण्यासारखे आहे.

रत्नागिरीच्या जमिनीची भूक कशी आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. येथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. युगानुयुगे चाललेल्या या धुपणीने मूळ खडकातील चुना, पालाश आणि इतर विद्राव्य द्रव्ये वाहून गेली. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढे मागे उरले. त्यांचाच आपला तांबडा जांभा. या मातीचा कल आम्लतेकडे असतो. तिच्यातील लोह व अ‍ॅल्युमिनियम स्फुरदास असे जखडून ठेवतात, की तो जमिनीत असूनही पिकास मिळत नाही. तिच्या चिकणमातीच्या अंगी अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्तीही थोडी. म्हणून वरून टाकलेले खत पहिल्या मोठ्या सरीबरोबर पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून खाडीत जाते. अशा जमिनीस सावरून धरणारी वस्तू एकच, ती म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेण आणि मुळे यांपासून तयार होणारा ह्यूमस. तो पाणी धरतो, अन्नद्रव्ये धरतो, स्फुरदाची मिठी सैल करतो, आणि गांडुळांपासून सूक्ष्म जिवाणूंपर्यंत सर्वांना पोसतो. काळ्या रानातील शेतकऱ्यास ह्यूमसची हेळसांड काही काळ परवडेल. जांभ्यावरच्या शेतकऱ्यास ती एक दिवसही परवडणारी नाही.

आणि नेमका हाच ह्यूमस होण्यापूर्वी आपण जाळतो. भाजावळीमागे काहीच शहाणपण नाही, असे आम्ही म्हणणार नाही. जाळाने तणाचे बी मरते, काही किडी मरतात, आणि राखेतील पालाश व चुना आम्ल मातीस काही काळ उपकारक होतो. आपल्या पूर्वजांनी ती रीत डोळसपणे स्वीकारली होती. परंतु तिची किंमतही पाहिली पाहिजे. पाचोळ्यातील नत्र आणि कर्ब धुरावाटे आकाशात जातात, राख पहिल्या पावसात वाहून जाते, आणि कवळासाठी दरवर्षी छाटली जाणारी झाडे खुरटत राहतात. गादीवाफे करून व त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळून भाजावळीवाचून उत्तम रोपे होतात, हा आता केवळ प्रयोगाचा विषय राहिलेला नाही. बागेतील पाचोळा जाळण्यास तर तेवढेही समर्थन नाही. आंब्याचे पान जाड असते, ते सावकाश कुजते, हे खरे. पण शेण-मूत्राचा शिडकावा आणि ओल मिळाली, की तेही कुजते. सावकाशपणा हा अपराध नव्हे.

या बाबतीत आपणांस परक्याचा हात धरून चालण्याची गरज नाही. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, तिचा वृत्तांत सांगणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. शेतातील काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि थोडी राख यांचे थर द्यावेत, ते ओले ठेवावेत, ठराविक काळाने खालीवर करावेत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते, असा तिचा सारांश. पावसाळ्यात हे काम खड्ड्यात न करता जमिनीवर ढीग रचून करावे, अशी सूचनाही त्या पद्धतीत आहे, आणि कोकणात तर ती लाखमोलाची आहे. कारण आपल्याकडील उघड्या गायऱ्यांतील शेणाचा कस दर पावसाळ्यात पाण्याबरोबर निघून जातो व उरतो तो केवळ चोथा.

याच भूमीतील अप्पासाहेब पटवर्धन यांनी तर त्याही पुढचे पाऊल टाकले. कणकवली रत्नागिरी जिल्ह्यात असतानाच्या काळात त्यांनी तेथे गोपुरी आश्रम उभारला, आणि मानवी मळाचेही सोनखत करून ते शेतीस देण्यासाठी त्यांनी प्रचारिलेला 'गोपुरी संडास' प्रसिद्ध आहे. जमिनीतून घेतलेले जमिनीस परत करणे हा त्यांच्या लेखी स्वच्छतेचा, शेतीचा आणि सामाजिक समतेचा एकच धर्म होता. पुढे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे असे प्रतिपादन केले, की दहा गुंठे जमीन सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब ठेवून कसली, तर एका कुटुंबाचा निर्वाह तीवर होऊ शकतो. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. रत्नागिरीत याहून मोठी परडी ओसाड पडलेली आहेत!

आता व्यवहाराकडे वळू. कोकणात भाजी होत नाही, ही समजूत मुळातच खोटी आहे. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, कारली, काकडी आणि भोपळे येतात. बांधावर भेंडी येते. आणि टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या तर कोणी न पेरता येतात. भातकापणीनंतर त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी आणि कुळीथ पाण्याच्या थेंबावाचून पिकतात, आणि त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतले नत्र धरून जमिनीची पत वाढवितात. विहिरीस पाणी असेल तर माघ-फाल्गुनापर्यंत मुळा, माठ, वांगी आणि मिरची निघते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ मध्ये स्थापन झाले, कारल्याची 'कोकण तारा' आणि वालाची 'कोकण भूषण' यांसारखी येथील हवामानास मानवणारी वाणे दिलेली आहेत. वाण आहे, पाऊस आहे, परंपरा आहे. उणीव आहे ती मातीस नियमाने खाऊ घालण्याची. पावसाळ्यात उंच वाफे करून पाण्यास वाट द्यावी. उन्हाळ्यात वाफ्यावर पातेऱ्याचे पांघरूण घालावे. एकाच वाफ्यात तेच पीक पुन्हा न घेता शेंगवर्गीय पीक मधूनमधून फिरवावे. आणि वाफा कधीही उघडा ठेवू नये. नैसर्गिक भाजीची गुरुकिल्ली एवढ्यातच आहे. अलीकडे लोकप्रिय झालेले जीवामृत शिंपडण्यास आमची हरकत नाही. परंतु विरजण लावावयाचे तर आधी दूध हवे. ज्या मातीत कुजण्यासारखे काही उरलेलेच नाही, तेथे शिंपडलेले जिवाणू खाणार काय?

येथे एक इशाराही दिला पाहिजे. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भात व चहा या दोन्ही पिकांस त्याचा जबर फटका बसला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. त्यावरून नैसर्गिक शेतीच फोल आहे, असा निष्कर्ष काढणारे काढोत. आम्ही त्यातून एवढेच घेतो, की मातीची सुपीकता हुकमाने येत नाही. वर्षानुवर्षे उपाशी ठेवलेल्या जमिनीचे खत एका दिवसात तोडले, तर पीक कोसळणारच. म्हणून ज्याचे पोट शेतीवर आहे, त्याने एकदम सारे सोडावे, असे आम्ही सुचविणार नाही. माती तपासून घ्यावी, आम्लता फार असल्यास सल्ल्याने चुना द्यावा, दोन-चार गुंठ्यांपासून आरंभ करावा आणि माती सुधारेल तसतसे क्षेत्र वाढवावे. पहिली दोन वर्षे उत्पन्न कमी येण्याचा संभव आहे, हेही त्यास आधीच सांगावे. ते लपवून ठेवणारा प्रचारक शेतकऱ्याचा मित्र नव्हे.

अडचणी आणखीही आहेत आणि त्यांचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. कापणीनंतर गुरे मोकाट सुटतात. वानर आणि रानडुकरे उभा मळा एका रात्रीत फस्त करतात. घरची तरुण मंडळी मुंबईस, सातबारावर दहा-वीस नावे, आणि जमीन दुसऱ्यास कसावयास द्यावी तर कुळाचा हक्क लागेल ही भीती. ज्या कूळ कायद्याने एके काळी कसणाऱ्यास न्याय दिला, त्याच्याच धास्तीने आज परडी ओसाड पडावीत, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. वाडीने एकत्र येऊन सामाईक कुंपण घालणे, गुरे राखण्याचा गावठराव पाळणे आणि ठराविक मुदतीच्या निर्धास्त करारास कायद्याचा स्पष्ट आधार मिळवून देणे, यांवाचून मळे पुन्हा हिरवे होणार नाहीत. यातील पहिल्या दोन गोष्टी ग्रामपंचायतींच्या हाती आहेत. तिसरीसाठी लोकप्रतिनिधींनी आपले वजन खर्च करावे.

शहरानेही आपला वाटा उचलला पाहिजे. घराघरांतून निघणारा ओला कचरा हे वस्तुतः शेताचे देणे आहे. तो वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले होते. तो निर्भेळ राहिला तर त्याचे खत होऊन भोवतालच्या गावांच्या मळ्यांत जाईल. त्यात प्लास्टिक मिसळले, की ते केवळ ओझे. पाचोळा जाळण्यास नगरपरिषदेने कसून मज्जाव करावा, आणि पहाटे गावाकडून टोपली घेऊन येणाऱ्या बायांना मंडईत हक्काची, सावलीची जागा द्यावी. रस्त्याच्या कडेस बसलेल्या त्या बाईची माठाची जुडी घासाघीस करून घेणारा ग्राहक दुकानातील 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेल्या जुडीस मात्र दुप्पट दाम निमूट मोजतो. यात नैसर्गिक शेतीचे हित कोणते, हे आम्हांस समजलेले नाही.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता खचला, तेव्हा घाटावरच्या भाजीवर आपण किती विसंबून आहो, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. तशी वेळ पुन्हा येणार नाही, असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रत्येक प्रौढ माणसाने रोज फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खाव्यात. कुटुंबाची ही गरज भागविण्यास मोठी शेती लागत नाही. नीट राखलेले काही गुंठे तीत मोठी भर घालू शकतात. म्हणून आमची या जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्यास, बागायतदारास आणि अंगण असलेल्या प्रत्येक गृहस्थास कळकळीची विनंती आहे, की या वर्षी पाचोळ्याचा एक तरी ढीग पेटवू नये. तो परड्याच्या कोपऱ्यात रचावा, त्यावर शेणकाला शिंपडावा, पावसाळ्यात त्यावर झावळ्यांचे छप्पर धरावे, आणि पाऊस सरल्यावर ते खत मुळ्या-माठाच्या एका वाफ्यास घालून पाहावे. शेजारच्या वाफ्याशी तुलना करून प्रत्येकाने स्वतःच निर्णय घ्यावा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचेही कारण नाही.