कापून टाकलेली पाने

मराठी नियतकालिकांच्या इतिहासाविषयी बोलताना संपादक, लेखक आणि वाङ्मयीन वाद यांची चर्चा आपण भरपूर करतो. ज्या जाहिरातींच्या उत्पन्नावर हा संसार बऱ्याच अंशी चालला, त्यांविषयी मात्र मौन पाळतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात आम्ही जुन्या मासिकांचे बांधीव खंड मागवले होते. कथा होत्या, कविता होत्या, पुस्तकपरीक्षणे होती; मुखपृष्ठे आणि जाहिराती मात्र नव्हत्या. खंड फार जाड होऊ नये म्हणून बांधणीच्या वेळी ती पाने काढून टाकतात, असे कळले. सांगणाऱ्याच्या स्वरात खंत नव्हती. ती आम्हा अभ्यासकांना तरी कुठे होती?

यात काय गमावले, हे 'किर्लोस्कर'कडे पाहिले की ध्यानात येते. १९२० साली शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते साहित्यसेवेसाठी नव्हे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी. म्हणजे रोप मुळात जाहिरातीचे. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे आली, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध या मासिकातून घरोघर गेले. आम्हाला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा, तर पल्लेदार संस्कृतप्रचुर वाक्ये कामाची नसतात. त्याची शंका आधी ओळखावी लागते, त्याच्याच शब्दांत मांडावी लागते आणि मग, त्याचा अपमान न करता, खोडावी लागते. जुन्या समजुतींशी झगडणाऱ्या पुढच्या निबंधलेखनाला याहून वेगळे काय करायचे होते? चिपळूणकरी निबंधापासून या गद्यापर्यंतचे अंतर मोजताना कोणी नांगराला तळटीप दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

जाहिरात हे थोर वाङ्मय आहे, असा आमचा दावा नाही. तिच्यात धादांत खोटेपणाही पुष्कळ होता. अक्सीर औषधे आणि चमत्कारी ताईत यांच्या जाहिराती इतक्या माजल्या की १९५४ साली केंद्राला त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. पण अशक्तपणाची धास्ती, गोरेपणाची हाव, नोकरीची चिंता हे सारे त्या काळच्या कथेने आडवळणाने सांगितले असेल, तर जाहिरातीने ते निर्लज्जपणे सांगितले. (अतिशयोक्ती अलंकार शिकवताना तीच ती जुनी उदाहरणे देणाऱ्या आम्हा शिक्षकांनी केशतेलाची एखादी जाहिरात वर्गात न्यायला हरकत नाही.)

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा. या परंपरेची शताब्दी होऊन गेली, आणि आता जुने अंक स्कॅन होत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण स्कॅनखाली पुष्कळदा जातात ते हेच कापलेले खंड. अजून घरांच्या माळ्यांवर सुटे अंक आहेत. मराठीच्या विभागांनी ते मिळवून मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत जतन केले पाहिजेत, आणि तेही रद्दीवाल्याच्या आधी.

त्या दिवशी चाळलेल्या खंडांत एक जाहिरात आम्हाला सापडली खरी. साबणाची होती. पानाच्या मागच्या बाजूला एका कथेचा शेवट छापलेला होता, म्हणून बांधणाऱ्याला ते कापता आले नव्हते.