चिमणीच्या घरात आमचा डोळा

परोपकाराच्या नावाखाली मनुष्य स्वतःची जितकी करमणूक करून घेतो तितकी तो उघड करमणुकीच्या नावाखालीही करून घेत नसेल. या विधानाचे प्रत्यंतर ज्यास हवे असेल त्याने हल्ली नांदेड-लातूरकडील सुखवस्तू वस्त्यांतून एक फेरी मारावी. बागेतील पेरूच्या फांदीस, गच्चीच्या कठड्यास, खिडकीच्या गजास चिमण्यांसाठी लाकडी पेट्या टांगलेल्या त्यास दिसतील. आणि त्यांपैकी काही पेट्यांच्या छपराखाली करंगळीच्या पेराएवढा एक काळा डोळा बसविलेला आढळेल. हा डोळा कॅमेऱ्याचा. पेटीच्या अंधारात चिमणी अंडी घालते, पिले चोची वासतात, आणि तो सारा संसार दिवाणखान्यातील मंडळींस मोबाईलच्या काचेवर बसल्या जागी दिसतो. नाशिकचे श्री. मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि चिमणीस घर द्यावे ही गोष्ट घरोघरी पोहोचली. हे चांगलेच झाले. पेटी लावण्याशी आमचा वाद नाही. आमचा वाद त्या डोळ्याशी आहे. अथवा नेमके बोलावयाचे तर, त्या डोळ्याच्या या बाजूस बसणाऱ्या आम्हा लोकांशी आहे.

प्रथम पेटी म्हणजे काय हे समजून घेऊ. पुष्कळांची कल्पना अशी की, पेटी टांगणे हा चिमणीवर उपकार होय. वस्तुतः ती एका जुन्या कर्जाची तुटपुंजी फेड आहे. मराठवाड्यातील माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. जाडजूड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, आणि वर पांढऱ्या मातीचा थर; तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे एखादी फट हटकून राहावयाची, आणि ती फट चिमणीची. शिवाय कोनाडे होते, झरोके होते, भिंतीवर कलत्या टांगलेल्या तसबिरी होत्या, आणि त्या तसबिरींमागचा काड्यांचा पसारा पाहून करवादणारी, पण तो न काढणारी घरधनीण होती. चिमणीने कोणाची परवानगी मागितली नाही व कोणी ती नाकारली नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि याच जड माळवदांनी व भिंतींनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली. त्यानंतर गावेच्या गावे नव्या जागी, नव्या बांधणीने उभी राहिली, आणि ते योग्यच झाले. माणसाच्या जिवापुढे चिमणीच्या फटीची मातब्बरी ती काय! शहरांनीही सिमेंटची कास धरली. परंतु गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीत चिमणीस नखभरही जागा उरली नाही, ही गोष्ट उघड आहे.

घराचे जसे झाले तसेच अन्नपाण्याचे. ज्वारीच्या शेतांची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने घेतली. लातूरची पेठ आज सोयाबीनसाठी नावाजलेली आहे. पण तो जाड, टणक दाणा चिमणीच्या चोचीच्या उपयोगाचा नाही. पाण्याविषयी तर बोलावयासच नको. ज्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळ्यात चिमणीने कोणत्या डबक्याकडे पाहावे? तेव्हा ज्याने पेटी टांगली त्याने कर्जाचा पहिला हप्ता भरला, इतकेच. एक हप्ता भरणाऱ्या ऋणकोने सावकाराच्या माजघरात डोकावण्याचा हक्क कोठून आणला?

हा प्रश्न आम्हास पुस्तके वाचून सुचलेला नाही. लातुरातील एका स्नेह्यांच्या घरी एकदा ऐन वैशाखात आम्ही गेलो होतो. त्यांनी मोठ्या हौसेने पश्चिमेच्या भिंतीवर पातळ फळ्यांची, पत्र्याच्या छपराची पेटी लावली होती, आत कॅमेरा होता, आणि पेटीत चार पिले होती. दुपारचे तीन वाजलेले. मोबाईलवर ती चार पिले चोची सताड वासून पडलेली दिसत होती. मुले खिदळत होती. 'किती ही भूक!' असे कोणी म्हणाले. कोणी ते चित्र गावोगावच्या आप्तांस पाठविले. घरातील वृद्ध आजींस तेवढे खरे कळले. त्या म्हणाल्या, ''अगं, ती भुकेनं न्हाई, उन्हानं तोंड वासायलीत. पेटीवर वलं पोतं तरी टाका की कुणीतरी.'' परंतु कोणी उठले नाही. हात लागला तर चिमणी पिले टाकून देईल असे एकाने सांगितले, आणि 'निसर्गात ढवळाढवळ करू नये' असे दुसऱ्याने सुनावले. जणू काय ती पेटी, तो पत्रा आणि ती पश्चिमेची भिंत निसर्गानेच निवडली होती! तिसऱ्या दिवशी चारांपैकी तीन पिले मेली. आप्तांकडे गेलेले चित्र मात्र मागे घेतले गेले नाही. त्यावर कौतुकाची उत्तरे येतच राहिली. हा दोष त्या स्नेह्यांच्या माथी मारून आम्ही हात झटकीत नाही. त्या दिवाणखान्यात पन्हे पीत आम्हीही बसलो होतो, आणि आम्हीही उठलो नाही.

तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, जो घरट्यात डोळा बसवितो तो त्या घरट्याची जबाबदारी पत्करतो. ज्यास काही दिसत नाही त्यास अज्ञानाचा बचाव आहे. ज्यास रात्रंदिवस सारे दिसते, आणि तरीही जो जागचा हलत नाही, त्यास कोणताही बचाव नाही. या मतावर जे आक्षेप येतात त्यांचा आता क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, कॅमेऱ्याने पक्ष्यास मुळीच उपद्रव होत नाही. हे अर्धे खरे आहे. पक्षी यावयाच्या आधीच कॅमेरा पक्का बसविला, त्याचा प्रकाश डोळ्यांस न दिसणारा ठेवला, आणि पुन्हा त्यास हात लावला नाही, तर चिमणी त्याची फारशी पर्वा करीत नाही. पण आम्ही पाहतो ते निराळेच. अंडी दिसल्यावर मग कॅमेऱ्याची आठवण होते. काच पुसावयास झाकण उघडले जाते. तार निसटली म्हणून पुन्हा उघडले जाते. पाहुणे आले म्हणून तिसऱ्यांदा उघडले जाते. हात लागताच पक्षी पिले टाकतो ही समजूत बहुतांशी निराधार आहे. परंतु वारंवार होणाऱ्या त्रासाने, विशेषतः अंडी घालण्याच्या व उबविण्याच्या दिवसांत, तो घरटे सोडून जाऊ शकतो, हे मात्र खरे आहे. म्हणजे गंमत अशी की, संकटात हात लावावयाचा तेव्हा आम्ही भितो, आणि लावू नये तेव्हा बिनदिक्कत लावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे तीत संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देणे याचाही समावेश केला आहे, हे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? बंदूक न उचलताही शिकारी होता येते, असे कायदाच म्हणतो.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. कॅमेऱ्याने पक्ष्यांच्या जीवनाचे ज्ञान होते, आणि पूर्वी हेच ज्ञान मिळविण्यास बंदूक लागत असे, असे सांगितले जाते. हे आम्हास मान्य आहे. डॉ. सलीम अली यांनी आपल्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लहानपणची एक हकीकत मोकळेपणाने दिली आहे. १९०६-०७ च्या सुमारास चेंबूर येथे तबेल्याच्या भिंतीतील भोकात एका चिमणीचे घरटे होते. बाहेर राखण करणारा नर त्यांनी मारला की मादी दुसरा नर आणी. असे सात दिवसांत आठ नर त्यांनी मारले. त्या बंदुकीच्या मानाने आजचा कॅमेरा साधुपुरुषच म्हटला पाहिजे. परंतु हीच हकीकत आमच्या बाजूने बोलते. त्या दहा वर्षांच्या मुलाने निदान तारखा व टिपणे लिहून ठेवली! आणि पुढे १९३० साली अलिबागेजवळच्या किहीम येथे त्यांनीच सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तेव्हा हाती कॅमेऱ्याचा डोळा नव्हता. तासन् तास बसण्याची चिकाटी होती. नर अर्धवट खोपे विणतो, मादी ते पारखून एक पसंत करते, आणि मग नर दुसऱ्या खोप्याच्या उद्योगास लागतो, हा त्या पक्ष्याचा सारा व्यवहार त्यांनी बैठकीच्या जोरावर उलगडला. इंग्लंडात १९३९ पासून सामान्य गृहस्थ घरट्यांची टिपणे पक्षिशास्त्राच्या संस्थेकडे पाठवीत आले आहेत: काडी कधी आली, अंडी किती, पिले किती, उडाली किती. आमच्याकडील कॅमेरेवाल्यांनी आपली वही दाखवावी. अंडी सुमारे बारा दिवस उबवावी लागतात, पिले पंधरवडाभर घरट्यात राहतात. एवढ्या अवधीत रोज एक ओळ लिहावयाची म्हटली तरी महिन्यात तीस ओळी होत नाहीत. ज्याच्याजवळ त्याही नाहीत त्याने ज्ञानाचे नाव काढू नये. तो पाहत नाही, दाखवितो.

तिसरा आक्षेप सर्वांत भावनेचा आहे. चिमणी नामशेष होत असता पाहून-दाखवूनच लोक जागे होतील, असे म्हणतात. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालाचा निष्कर्ष असा होता की, मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत चिमणी घटली असली तरी देशभराचा विचार करता पाव शतकात तिची संख्या साधारण स्थिर राहिली आहे. तेव्हा तारणहाराचा आव आणण्याचे नांदेड-लातूरच्या गृहस्थांस कारण नाही. चिमणी आमच्या दारी अद्याप येते, ती आमच्यामुळे नव्हे, आम्ही असतानाही येते.

चौथा आक्षेप मुलांचा. घरट्यातील चित्रे पाहून मुलांच्या मनात पक्ष्यांविषयी प्रेम उपजते, यात शंका नाही. पण चार दिवसांच्या चित्रांतून गोंडस तेवढी निवडून, त्यांस गाणे जोडून मुलांपुढे ठेवली, तर ती पिलांवर प्रेम करावयास शिकत नाहीत, करमणुकीवर करावयास शिकतात. ज्या मुलाने मेलेले पिलू पाहिले, ते का मेले हे विचारले, आणि दुसऱ्या वर्षी पेटी पूर्वेस हलविली, त्याचेच प्रेम खरे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तुम्हास कॅमेरा नकोच आहे. तसे नाही. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी पेटी नीट असावी: जाड लाकडाची, सव्वा इंच व्यासाचे भोक असलेली, हवा खेळेल व पाणी निचरेल अशी, दुपारच्या उन्हाकडे पाठ केलेली, सावलीतली, मांजराच्या उडीपलीकडची, आणि भोकाखाली बसावयाची काडी नसलेली, कारण ती काडी चिमणीपेक्षा कावळ्याच्या सोयीची ठरते. मग पाण्याचे पसरट भांडे, ज्वारीची दोन कणसे, आणि फवारणीवाचून राखलेली बाग. कारण पिलांस पहिले काही दिवस दाणे नव्हे, किडे-अळ्या लागतात. मग वही. इतके सारे वर्षभर निभावले, तर पुढील वर्षी पक्षी येण्यापूर्वी कॅमेरा खुशाल बसवावा, आणि त्यात जे दिसेल त्याचे उत्तरदायित्व घ्यावे. ऊन दिसले तर सावली करावी. उपासमार दिसली तर बागेत काय चुकले ते शोधावे. ज्यास हे झेपत नाही त्याने पेटी तेवढी लावावी आणि बाहेरून चिवचिवाट ऐकावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

चिऊ-काऊची गोष्ट आमच्या घरात सर्वांस ठाऊक आहे. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात चिमणीचे दार ठोठावतो, आणि चिमणी ते लगेच उघडीत नाही. दाराआड तिचे बाळाचे काम चाललेले असते. कावळ्यासारखा उपद्रवी शेजारीदेखील बाहेर भिजत थांबतो, फटीतून डोकावीत नाही. त्या गोष्टीतल्या कावळ्याइतकी मर्यादा आम्हा सुशिक्षितांस पाळता येऊ नये काय?