पाकीट बंद, पत्ता उघडा!

मुंबईच्या गिरणींतून लेकाचें पत्र आलें, म्हणजे खेड्यांतल्या निरक्षर आईला मोठा पेंच पडे. तें वाचून कोणाकडून घ्यावें? वाचणाऱ्याला घरची अडचण कळली, कीं दुसऱ्या दिवशीं ती चावडीवर आणि तिसऱ्या दिवशीं सावकाराच्या ओटीवर! म्हणून ती माउली पत्र पदराखालीं झांकून भरंवशाच्या माणसाचें दार गांठी. ती कांहीं चोर नव्हती. घरचें दुःख घरांत राहावें, एवढीच तिची इच्छा होती.

आज तिच्या नातवाच्या हातीं मोबाईल आहे. बाजारभाव, पीकविमा, मुलीच्या परीक्षेचा निकाल, बापाच्या दुखण्यावरचें औषध, सर्व कांहीं तो त्यावर पाहतो. दार लावून दिवा मालवला, म्हणजे आपल्याला कोणी पाहत नाहीं, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी आहे, हें आम्हांस आज स्पष्ट सांगावयाचें आहे.

मोबाईलवर एखाद्या ठिकाणाचें नांव टाकलें, कीं तें बहुतकरून आधीं कंपनीच्या एका यंत्राकडे जातें. हें यंत्र म्हणजे पत्त्यांची वही. नांवावरून आंकडी पत्ता काढून देणें हें त्याचें काम. पुढचा सारा मजकूरही त्याच कंपनीच्या मार्गानें जातो-येतो. अलीकडे बहुतेक ठिकाणीं मजकुराला कुलूप असतें. त्यामुळें आंत काय लिहिलें आहे तें कंपनीला सहसा वाचतां येत नाहीं. परंतु गिऱ्हाईक कोणत्या ठिकाणीं गेलें, किती वाजतां गेलें, किती वेळ राहिलें, हें तिला बहुधा दिसतें. पाकीट बंद, पण पत्ता उघडा! रात्रीं २ वाजतां कर्ज देणारांचें दार कोणी ठोठावलें, क्षयाच्या औषधाची चौकशी कोणत्या घरांतून झाली, कोणत्या संघटनेचें पत्रक कोणीं उघडलें, एवढें कळल्यावर पत्र फोडण्याची गरज काय उरली?

आणि ही नोंद लागलीच पुसली जात नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें दूरसंचार खात्यानें परवान्याच्या अटी बदलून गिऱ्हाइकाच्या इंटरनेट-वापराच्या नोंदी निदान २ वर्षें जपून ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. पूर्वीं ही मुदत १ वर्षाची होती. जाणारा-येणारा मजकूर मध्येंच पाहण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमानें सरकारास आहे. २० डिसेंबर २०१८ रोजीं केंद्राच्या गृहखात्यानें या कामासाठीं १० यंत्रणांचीं नांवें जाहीर केलीं. प्रत्येक प्रकरणीं वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते, असें सरकार म्हणतें, आणि नियम तसाच आहे. पण परवानगी देणारा गृहसचिव, आणि ती योग्य होती कीं नाहीं हें तपासणाऱ्या समितींतही सचिवच! न्यायाधीश कोठेंच नाहीं. ज्याच्यावर नजर ठेवली त्याला तें कळवीतही नाहींत. मग त्यानें दाद मागावी ती कशाच्या आधारें? शेत एकाचें, त्याला न कळवितां मोजणी करावी, आणि निवाडाही मोजणीदाराच्याच भाऊबंदांनीं द्यावा, तसा हा न्याय झाला.

'ज्यानें कांहीं वाईट केलें नाहीं, त्यानें भ्यावें कशाला?' असें कांहीं शहाणे विचारतात. त्यांनीं जरा मागें पाहावें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें ज्यांना हजेरी द्यावी लागे, त्यांतील किती जणांनीं चोरी केली होती? जन्मावरूनच त्यांचें नांव वहींत चढलें, आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पुसलें गेलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांनीं काय पाप केलें होतें? त्यांच्या जन्माचा हिशेब दुसऱ्याच्या हातीं होता आणि तो त्यांना वाचतां येत नव्हता, हेंच त्यांचें दुखणें होतें. ज्याच्या हातीं दप्तर, त्याच्या हातीं रयत. आजचें दप्तर कोठें आहे, हेंही रयतेला ठाऊक नाहीं.

चोर-दरोडेखोरांचा तपास नको, असें आमचें म्हणणें नाहीं. खोटे फोन करून गरिबाच्या खात्यांतली रक्कम लुटणारा पकडलाच पाहिजे. पण एका चोरासाठीं साऱ्या गांवाच्या झडतीची तयारी ठेवणें हा तपास नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें, कीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. असें असतां २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत, राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणें दाखवून आपल्या वाटेल त्या यंत्रणेला त्यांतून वगळण्याची मुभा केंद्र सरकारनें स्वतःकडे ठेवली आहे. कुंपण घातलें तें इतरांसाठीं. मालकाला फाटक मोकळें!

आमची मागणी साधी आहे. नजर ठेवावयाची तर आधीं न्यायाधीशाची परवानगी घ्यावी. तपास संपल्यावर त्या माणसाला तें कळवावें. वर्षांत असे किती हुकूम निघाले, याचा आंकडा लोकसभेपुढें आणि विधानसभेपुढें ठेवावा. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारा.

आणि बांधवांनो, घरींही सावध राहा. मोबाईलमध्यें 'इन्कॉग्निटो' नांवाची खिडकी असते. तिनें तुमच्या मोबाईलवरची नोंद राहत नाहीं. कंपनीला दिसायचें तें दिसतेंच. ज्या ठिकाणाच्या मजकुराला कुलूप नाहीं, तेथें आपला कोणताही गुप्त आंकडा टाकूं नका. मुलगा शिकला असेल तर त्याच्याकडून हें समजून घ्या, आणि शेजाऱ्यालाही सांगा. आजीला अक्षर येत नव्हतें, तरी पत्र कोणाच्या हातीं द्यावें हें तिला कळत होतें. अक्षर शिकलेल्या नातवंडांनीं तेवढा शहाणपणा गमावूं नये.