वेताळाचा ‘ळ’

नाणी, टपालाची तिकिटे किंवा अडकित्ते जमविणाऱ्या माणसाकडे लोक आदराने पाहतात. जुनी कॉमिक्स जमवितो असे सांगितले की समोरच्याच्या मुद्रेवर क्षमाशील हसू उमटते; सांगणारा शाळेचा मुख्याध्यापक असेल, तर त्या हसण्यात थोडी काळजीही मिसळते. तरीही या छंदाची बाजू मांडावीशी वाटते, कारण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांशी तिचे नाते वरवर दिसते त्याहून जवळचे आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली वृत्तपत्रासाठी निर्माण केलेला ‘फँटम’ तिच्यातून घरोघर पोहोचला. हिंदीत तो ‘वेताल’ झाला, मराठीत ‘वेताळ’. एका अक्षराचा हा फरक इंदूरच्या मराठी मुलाला फार मोठा होता. शाळा हिंदी, गल्ली हिंदी; मराठी घरात बोलली जाई, पण वाचली जातेच असे नव्हते. हिंदी अंक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. मराठी अंक मात्र सुटीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मामा-मावशीच्या पिशवीतून निघे. लिपी तीच असल्यामुळे कोणी न शिकविता तो वाचता येई. मुखपृष्ठावरचा ‘ळ’ पाहून हा अंक आपल्या घरच्या भाषेतला आहे हे ओळखू येई. कित्येकांचे पहिले स्वतंत्र मराठी वाचन असे झाले.

नावाची ही निवड करणाऱ्याला दाद दिली पाहिजे. कोकण-गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव. गोव्यातील बेताळभाटी या गावाच्या नावातही तो आहे. अरण्याची राखण करणाऱ्या मुखवटाधारी पुरुषाला याहून समर्पक मराठी नाव सापडले नसते.

महानायकांविषयी आमचे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. सुपरमॅनला गोळी लागत नाही. मग त्याच्या धैर्याचे कौतुक ते काय करायचे? वेताळापाशी दैवी शक्ती नाही. तो जखमी होतो, मरतोही; त्याचा मुलगा तोच वेश चढवितो आणि लोकांना वाटते की चारशे वर्षे एकच पुरुष जिवंत आहे. कथेतला वेताळ एकविसावा. मठाच्या गादीसारखी ही परंपरा. व्यक्ती जाते, व्रत राहते. मात्र आफ्रिकेच्या अरण्यात रक्षक गोरा आणि तेथली मूळ माणसे रक्षित, ही त्या कथांची बैठक वसाहतवादी मनाची आहे. आज वाचताना ते खुपते, आणि खुपलेच पाहिजे. म्हणूनच १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर अधिक आपला वाटतो. डाकूचा हा मुलगा गावकऱ्यांना संघटित करून डाकूंविरुद्ध उभा राहतो. चंबळचे खोरे ज्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिले आहे, त्यांना त्याची भूमी ओळखीची वाटेल.

ही मालिका १९९० साली बंद पडली आणि हळूहळू तिच्या अंकांचा व्यापार सुरू झाला. पूर्वी रद्दीवाला अंक वजनावर देई. आता काही विक्रेते एकेका अंकाचा भाव सांगतात. त्यांत सज्जन आहेत, तसे चतुरही. रंगीत झेरॉक्स काढलेले मुखपृष्ठ जुन्या पानांना जोडलेले आम्ही पाहिले आहे. नवख्याने एक खूण लक्षात ठेवावी. मधल्या पिनांच्या गंजाचे डाग मुखपृष्ठावर आणि आतल्या पानांवर एकाच जागी जुळले पाहिजेत. डाग आत आहेत आणि बाहेर नाहीत, तर मुखपृष्ठ मूळचे नाही असे समजावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागद पिवळा करतो. आणि अंक उन्हापासून दूर, आडवा ठेवावा.

व्यापाराचे टोक पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. सुपरमॅन प्रथम ज्यात अवतरला, तो १९३८ सालचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटला मिळे. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे हक्क दिले होते १३० डॉलरना. उतारवयात, १९७५ साली, बराच बोभाटा झाल्यावर त्यांना वर्षासन मिळाले. तेथे आता अंकाला दहापैकी गुण देऊन तो प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करतात. मग तो विकता येतो, मिरविता येतो. वाचता मात्र येत नाही. शाळेच्या कपाटातली कुलूपबंद पुस्तके आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्याविषयी जे वाटते तेच याविषयी वाटते.

आपल्या मराठी अंकांवर दुहेरी संकट आहे. कॉमिक म्हणजे पुस्तक नव्हे, अशा समजुतीने ग्रंथालयांनी ते क्वचितच जपले. आणि मुलांनी इतके वाचले की त्यांच्या चिंध्या झाल्या. चित्रातल्या फुग्यात मावेल एवढ्या जागेत सुबोध मराठी लिहिणाऱ्या अनुवादकांचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. त्यांचे काम उरले आहे ते आपल्यासारख्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांतच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत असा अंक हाती लागला, तर तो रद्दीत टाकू नका आणि लगोलग विकूही नका. आधी घरातल्या लहानग्याला शेजारी बसवून वाचा. ‘ळ’चा उच्चार त्याच्याकडून करून घ्या. विक्रेता प्रथम मुखपृष्ठावर शाईने लिहिलेले नाव शोधतो आणि ते दिसले की भाव पाडतो. आमच्या संग्रहातल्या एका अंकावर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘इयत्ता पाचवी ब’ असे लिहिलेले आहे. आमच्या लेखी त्या अंकाचे मोल त्या ओळीने वाढले आहे. कारण तो कोणीतरी वाचला होता, याची ती सही आहे.