यंत्र महामार्गावर, हेल्मेट डिक्कीत

नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर कोसळल्याने बाहेर पडण्याची वाटच बंद झाली होती. काही प्रवासी काच फोडून निघाले म्हणून वाचले. पुढे काही दिवसांतच त्या जागी ‘महामृत्युंजय यंत्र’ पुरण्यात आले. यामुळे परिसरातले अपघात थांबतील, असा दावा होता. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि शहरातल्या शिकल्यासवरल्यांनी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली.

टिंगल करणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी मनीषनगरात उभे राहून पाहावे. स्कूटरवर वडील, पुढे उभे असलेले पोर, मागे भाजीची पिशवी सांभाळणारी आई आणि हेल्मेट डिक्कीत. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘इथेच तर जायचं आहे.’ रेल्वेवरचा पूल आणि भुयारी मार्ग २०२० मध्ये सुरू झाले आणि वर्धा रोड अगदी हाताशी आला. पूर्वी फाटक सर्वांना थांबवायचे. आता थांबवणारे काही उरले नाही. चौकात पोलिस दिसला तर हेल्मेट डोक्यावर चढते, पण पट्टा लोंबतच राहतो. असे हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निघून जाते. हँडलला मात्र लिंबू-मिरची न चुकता बांधलेली. महामार्गावर यंत्र पुरणाऱ्याने निदान खड्डा तरी खणला!

‘जवळच जायचे आहे’ हे मेंदूला कळत नाही. त्याला कळतो तो वेग. ताशी ४० किलोमीटरने उभ्या ट्रकवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटरवरून, एखाद्या फ्लॅट स्कीमच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. वेग ६० झाला की हीच उंची सुमारे १४ मीटर होते, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वर. वेग दीडपट, उंची दुपटीहून जास्त. कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे जात राहतो आणि हाडावर आपटतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपून हा धक्का काही प्रमाणात स्वतःवर घेतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. सगळेच वाचतात असे नाही, हेही खरे. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यातली ५० हजारांवर दुचाकीवर हेल्मेटविना होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५,२२४ जण दगावले.

तरीही अशा मृत्यूनंतर बोलले जाते ते एवढेच, ‘वेळ आली होती.’ घरच्यांना तेवढ्याने धीर येत असेल तर त्या दिवशी कोणी वाद घालू नये. प्रश्न तेराव्यानंतरचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यालाही एके काळी दैवच म्हणत. आज शेजारीसुद्धा विचारतात, बीपी होते का, तंबाखू खायचे का, शुगर किती होती? रस्त्यावर गेलेल्या माणसाबद्दल वेग किती होता, पट्टा लावला होता का, झोप किती झाली होती, त्या वळणावर दिवा होता का, हे कोणी विचारत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तर जून २००१ मध्ये आपल्या पानांवर ‘अपघात’ हा शब्दच वापरायचा नाही असे ठरवले. जे आधी ओळखता येते आणि टाळता येते, त्याला अवचित घडलेले का म्हणायचे, असा त्यामागचा विचार. मराठीत ‘अपघात’ सोडून दुसरा शब्द लगेच रुळणार नाही. पण कारण विचारण्याची सवय लावायला शब्दकोश लागत नाही.

आणि हे विचारणे फक्त चालकापाशी थांबू नये. बसच्या आपत्कालीन दाराबद्दल ट्रॅव्हल्सवाल्याला, खड्ड्याबद्दल महापालिकेला आणि हेल्मेटबद्दल घरातल्या कर्त्याला विचारावे लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. दर जूनमध्ये मुलांसाठी दप्तर, बूट, रेनकोट, पाण्याची बाटली अशी यादी घेऊन घरे बाजारात निघतात. त्या यादीत मुलाच्या मापाचे हेल्मेट नसते.