खिशातला पेन फक्त पुतळ्यालाच शोभतो का?

शेंद्रा एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणारे आमच्यातले काही जण गेली दोन वर्षं शाईचे पेन वापरत आहेत. वेगवेगळ्या शाया जमवतात, शहरातल्या बाइंडिंगवाल्याकडून जाड कागदाच्या वह्या बांधून आणतात. रविवारच्या अभ्यासवर्गात वाचन संपलं की पुढचा तासभर याच गप्पा. कोणाची निब अडकते, कोणाची शाई मागच्या पानावर उमटते, कोणाला जुन्या बाजारात हिरो पेन सापडला. यावर आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "समाजावर काय वेळ आलीय आणि तुमचे हे पेनांचे चोचले कसले?" प्रश्न तळमळीने विचारलेला आहे. म्हणून उत्तरही नीट दिलं पाहिजे.

कोणत्याही वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे पाहा. निळा कोट, काखेत ग्रंथ, वर उचललेलं बोट आणि कोटाच्या खिशाला पेन. मूर्तिकार तो पेन विसरला तर वस्ती पुतळा गाडीतून उतरवू देणार नाही. पण तोच पेन पुतळ्याच्या खिशातून निघून शेंद्र्यातल्या हेल्परच्या खिशाला लागला की तो चोचला कसा होतो?

बाबासाहेबांना उत्तम फाउंटन पेनांचा शौक होता. त्यांच्या सहवासातल्या माणसांनी तसं लिहून ठेवलं आहे. त्यांच्याकडे एकच पेन नव्हता, अनेक होते, आणि ते हौसेने घेतलेले होते. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, चित्रकलेत रमले. हे सगळं हिंदू कोड बिलाच्या, संविधानाच्या, धम्माच्या धबडग्यात. त्यांच्या सुटाबुटावर त्या काळीही टीका होत होती. तुमचे लोक उघडे आणि तुम्ही सुटात, असं म्हणणारे कोण होते हे आपल्याला माहीत आहे. आज तेच वाक्य आपल्याच तोंडून आपल्याच पोरांसाठी निघतं, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं.

गांधीजींची पेन्सिलीच्या तुकड्याची गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगितली जाते. लहान मुलाने प्रेमाने दिलेला तुकडा हरवला तर त्यांनी तो शोधून काढला. गोष्ट चांगली आहे. पण साधेपणाची गोष्ट त्याचीच होते, ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही असतं. आमच्या आज्याकडे पेन्सिलीचा तुकडाही नव्हता, त्याची गोष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात आली? आणि गंमत म्हणजे चांगल्या पेनाचं कौतुक गांधीजींनाही होतं. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी हाताने घडवलेला स्वदेशी पेन आवडल्याचं पत्र त्यांनी १९३५ मध्ये पाठवलेलं आहे. त्याला कोणी चोचला म्हटलं नाही.

आता मुद्द्याच्या मुळाशी जाऊ. शाई, कागद आणि लेखणीची हौस मराठी मुलखात जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळं कसं काढावं, ओळी सरळ कशा राखाव्यात, शाई कशी असावी, कागद आणि बोरू कुठून कुठून आणावेत, पोथी कशी बांधावी. आज पेनांच्या शौकिनांच्या गप्पा ऐका, हेच विषय असतात. फक्त हा सगळा उपदेश कोणाला केला आहे ते बघा. समासाचा पहिलाच शब्द ब्राह्मणाला उद्देशून आहे. म्हणजे सुंदर अक्षराचा आनंद कोणी घ्यायचा हे पहिल्या शब्दातच ठरलं. बाकीच्यांच्या वाट्याला शाई आली ती अंगठ्याला. सावकाराच्या कागदावर, रजिस्ट्री कचेरीत, वतनाच्या फेरफारावर. एकलव्याचा अंगठा कापून घेतला. आमच्या आज्यांचा शाबूत ठेवला, कारण कागदावर उठवायला तो लागत होता. शेंद्र्याच्या कंपन्यांच्या गेटवर आजही हजेरीला अंगठाच लावतात, फक्त शाई लागत नाही.

म्हणून मधल्या बोटाला लागलेला निळा डाग आम्हाला आवडतो.

याच गावात चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. नवस फेडायला माणसं पाठीला गळ टोचून घेत आली, बोकडं कापत आली. कर्ज काढून नवस फेडणाऱ्याला हिशोब विचारायला आपण कचरतो. आणि शाईची बाटली घेणाऱ्याला मात्र लगेच विचारतो, केवढ्याची? घ्या, हिशोबच घ्या. ड्रॉपरने भरायच्या पेनात साधारण दोन मिलिलिटर शाई मावते. साठ मिलिलिटरच्या बाटलीत तो तीस वेळा भरतो. देशी पेन दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि नीट धुतला तर वर्षानुवर्षं चालतो. गुटख्याच्या पुड्यांशी तुलना आम्ही करत नाही, तुम्हीच करा.

पण खरं सांगायचं तर हा हिशोब देताना आम्हाला रागच येतो. गरिबाला एखादी गोष्ट आवडली तर आधी तिचा उपयोग सिद्ध करायचा, मग परवानगी, हा कुठला न्याय? निब कागदावरून दाब न देता सरकते, ओली रेघ क्षणभर चमकते आणि वाळून बसते. बारा तास मशीनवर उभं राहिलेल्या हाताला ते बरं वाटतं. एवढं कारण पुरेसं आहे.

या हौसेत शिकण्यासारखंही बरंच आहे. आमचा एक साथी पेनाची तक्रार करायचा की मे महिन्यात टोपण उघडलं की डाग पडतोच. कारण सापडलं. ड्रॉपरच्या पेनात शाई कमी झाली की वरची जागा हवेने भरते, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईचा थेंब बाहेर ढकलते. पेन अर्धा होण्याआधीच भरला की त्रास जवळजवळ संपतो. साध्या लाँगबुकात शाई फुटते, कारण त्या कागदाला खळ कमी असते, तंतू शाई शोषून घेतात. साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, घामाचा थेंब पडला तरी अक्षर पुसतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत. त्याच जातीची लोहाची शाई लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदाला धरून बसते. मात्र ती पेनात सुकू द्यायची नाही, नाहीतर पेन गेला. आयटीआय केलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, ती निब उघडून स्वतःच दुरुस्त करतात.

पक्की शाई आमच्याकडे आली ती एका वहीमुळे. कंत्राटदाराच्या रजिस्टरवर सही करायची, पण त्यात काय लिहिलंय ते दाखवत नाहीत, ही तक्रार औद्योगिक वसाहतीत कोणाला नवी नाही. आमच्या एका साथीने दीड वर्ष रोज रात्री पाळी, आत गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, जादा तास असं लिहून ठेवलं होतं. एकही दिवस सोडला नाही, कारण त्याला लिहायला आवडत होतं. शौकाचाच तो भाग होता. जादा तासाला दुप्पट दर हा कायदा आहे. पैसे मागितल्यावर कंत्राटदार म्हणाला, पुरावा काय? वही टेबलावर ठेवली. सगळे पैसे मिळाले नाहीत, निम्म्यावर मिटवावं लागलं. पण बोलणी तोंडी दाव्यावरून वहीच्या पानांवर आली. आठवड्याचे कामाचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनीच मांडली होती. त्या अठ्ठेचाळीस तासांचा हिशोब आपल्या हाताने ठेवणं हे आमच्या वाट्याचं काम आहे.

हाताच्या अक्षराची किंमत आणखी एका ठिकाणी कळते. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकहाती भरावे लागत. त्यांच्या निधनानंतर अप्रकाशित लेखनाचे गठ्ठे वर्षानुवर्षं पडून होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाने खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा त्या टंकलिखित पानांवर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. कोणता मसुदा त्यांनी स्वतः तपासला होता हे त्या शाईवरून कळतं. ‘रिडल्स’वरून १९८७-८८ मध्ये रान पेटवणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

शाईची भीती तर आजही आहे. १० डिसेंबर २०२२ ला पिंपरी-चिंचवडमध्ये, फुले-आंबेडकरांबद्दलच्या वक्तव्यावरून एका मंत्र्यांवर शाई फेकली गेली, त्यानंतर कार्यक्रमांच्या दारात पोलीस पेन तपासू लागले. आम्हाला शाई फेकण्यापेक्षा तिने लिहिण्यात जास्त रस आहे, आणि व्यवस्थेला त्याचा त्रासही जास्त होतो असा आमचा अंदाज आहे.

आता आमच्या शौकीन मित्रांनाही दोन शब्द. पेन जमवण्याचा बाजार फार वाईट असतो. २००९ साली एका परदेशी कंपनीने दांडीयात्रेच्या २४१ मैलांच्या नावाने २४१ पेन काढले, एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि विक्री थांबली. उद्या बाबासाहेबांच्या नावाने असाच पेन निघाला तर आपल्यातले काही नवश्रीमंत रांगेत उभे राहतील, हे आम्ही आजच सांगतो. दहा पेन डबीत आणि वही कोरी, हा आमचा शौक नाही. पेन घेतला तर लिहा. अक्षर वेडंवाकडं असेल तरी लिहा. ‘मोत्यासारखं अक्षर’ ही कौतुकाची फूटपट्टी ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दौत होती त्यांनी बनवली आहे, आपल्या आईच्या थरथरत्या सहीला ती लावायची नाही.

शेवटचा मुद्दा ‘एक वही, एक पेन’चा. जयंतीला आणि सहा डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, ही कल्पना फार मोलाची आहे आणि तिने अनेक मुलांना शाळेत टिकवलं. पण आपण देतो काय? घाऊक दुकानातला सगळ्यात स्वस्त पेन, जो महिन्याभरात फेकावा लागतो, आणि शाई फुटणारी पातळ वही. स्वतःच्या मुलाला देणार नाही ते समाजाच्या मुलाला देणं याला दान म्हणतात, आणि दानाविरुद्ध तर आपण लढलो. यंदा आम्ही संख्या कमी करणार आहोत. शेंद्रा आणि आसपासच्या वस्त्यांतल्या आठवी ते दहावीच्या चाळीसच मुलांना भरता येणारा पेन, चौघांत मिळून एक बाटली आणि छापखान्यातल्या उरलेल्या जाड कागदाची शिवलेली वही देऊ. पेन भरायला आणि धुवायला शिकवण्यासाठी एक रविवार ठेवला आहे. जुना ड्रॉपर, रिकाम्या दौती, टीपकागद घरात पडून असतील तर घेऊन या. फोटो काढणार नाही.