अजगराचा उपास

जेवणावर आडवा हात मारून दुपारभर लोळणाऱ्याला आपण ‘अजगरासारखा पडलाय’ म्हणतो. खऱ्या अजगराच्या मालकाची काळजी मात्र उलटी असते. त्याचा अजगर न जेवताच पडून राहतो आणि झोप उडते ती मालकाची!

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरी साप पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांचा एक लाडका साप म्हणजे ‘बॉल पायथन’. हा छोटा अजगर मूळचा आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या भागातला. लांबी साधारण एक ते दीड मीटर, स्वभाव भित्रा. घाबरला की डोके मध्ये लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. त्याची खोड एकच. आज मुकाट्याने उंदीर गिळेल, पुढच्या खेपेला तोंड फिरवेल आणि मग दोन-दोन, तीन-तीन महिने अन्नाला शिवणार नाही.

या उपासावरून एक गोष्ट तिकडे वर्षानुवर्षे सांगितली जाते. एका बाईचा पाळीव अजगर जेवेनासा झाला आणि रात्री तिच्या शेजारी लांबलचक पसरून झोपू लागला. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, तो तुमचे माप घेतोय. तुम्हाला गिळण्यासाठी पोट रिकामे ठेवतोय!’ ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण गोष्ट साफ खोटी आहे. अजगर माप घेत बसत नाही. तो दबा धरून बसतो. त्याच्या ओठांवरच्या बारीक खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे काळोखातही उंदीर कुठे आहे ते त्याला कळते. जवळ आला की झडप, दातांची पकड आणि लगेच वेटोळ्यांचा आवळा. भक्ष्य गुदमरून मरते असे पूर्वी मानत. पण अमेरिकेत बोआ जातीच्या सापांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की त्या आवळण्याने उंदराचे रक्ताभिसरणच काही क्षणांत कोलमडते.

मग गिळण्याचे काम सुरू होते. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी एकमेकांना जखडलेले नसतात. ते लवचीक बंधाने जोडलेले असल्यामुळे तोंड भरपूर फाकते. घास अडकून जीव घुसमटू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड पुढे सरकते. खरी मेहनत त्यानंतरची. मोठ्या ब्रह्मी अजगरावरील प्रयोगांत दिसले, की भरपेट खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि पचन झाल्यावर पुन्हा पूर्ववत होते. म्हणजे ‘पडलेला’ अजगर आतून भट्टीसारखा धगधगत असतो! म्हणूनच जेवणानंतर निदान दोन दिवस पाळीव सापाला हाताळत नाहीत. हाताळले तर तो गिळलेले सगळे बाहेर टाकतो.

उपास का, हेही यातूनच उमगते. आपण शरीर गरम ठेवण्यासाठी रोज अन्न जाळतो. साप ती ऊब बाहेरून घेतो, म्हणून एक जेवण त्याला कितीतरी दिवस पुरते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात, तेव्हा तो सहसा खात नाही. विणीच्या दिवसांत खात नाही. मादी अंड्यांना वेटोळे घालून बसली, की सुमारे दोन महिने उपाशीच असते. पेटी थंड पडली किंवा लपायला जागा नसली, तरीही तो अन्न नाकारतो.

नवखा मालक इथेच चुकतो. काळजीपोटी तो जिवंत उंदीर पेटीत सोडून जातो आणि भूक नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडतो. नाहीतर तोंड उघडून जबरदस्तीने भरवतो. जाणकार माणूस आधी पेटीतली ऊब तपासतो, लपायला आडोसा देतो आणि दर आठवड्याला वजन करतो. वजन टिकून असेल तर वाट पाहतो. वजन घसरू लागले किंवा साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर मात्र थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे.

आपल्याकडे देशी साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही बंधनकारक झाली. तेव्हा हौस म्हणून साप घरी आणण्याची गोष्टच नको. पण सापाला भरवण्याची चूक आपणही करतोच. नागपंचमीला दारी आलेल्या गारुड्याच्या नागापुढे वाटी सरकवली जाते. साप दुधावर जगणारा प्राणी नव्हे, दूध त्याला पचत नाही. तो वाटीला तोंड लावतो ते अनेकदा दिवसचे दिवस तहानलेला ठेवल्यामुळे. ते दूध फुप्फुसात गेले तर त्याच्या जिवावर बेतते.

आग्रह करकरून वाढणे ही आपली रीत. पानावरचा माणूस ‘पुरे’ म्हणाला तरी आपण एक पोळी जास्तच वाढतो. साप मात्र या पंगतीतला नाही. त्याची भूक आपल्या मायेने वाढत नाही आणि आपल्या घड्याळावर चालत नाही. त्याने तोंड फिरवले, तर ते त्याचे ‘पुरे’ असते. ते ऐकायला शिकणे हीच त्याच्यावरची खरी माया. यंदाच्या नागपंचमीला घरातल्या मुलांना एवढे जरूर सांगा. पूजा पाटावरच्या चित्रातल्या नागाची करू आणि दुधाची वाटी मुलांनाच देऊ!